मुलीला मॅचला पाठवताय? जीभ घरी काढून ठेवा

पालकहो, आंतरशालेय स्पर्धांचे दिवस आहेत. पोरांच्या बॅगेत नी-कॅप, ग्लुकोज, टोपी सगळं भरा. फक्त जीभ काढून घरी ठेवून घ्या.

प्रमुख पाहुणे बोलत असताना उन्हात ताठ उभं राहायचं. चक्कर आलीच तर रांग न मोडता पडायचं.

टाळ्या सरांनी खूण केल्यावरच.

खो-खोवाल्या मुलींना जरा जास्त समजवा. या खेळात 'खो' मोठ्यानं म्हणावाच लागतो, नाहीतर फाउल. त्यावरूनच आमच्या कन्येला वाटलं असावं की मैदानात तोंड उघडलेलं चालतं! गेल्या शनिवारची गोष्ट, इथलीच, इंदूरची. सकाळी सातपासून मुलींच्या बाथरूमला कुलूप. मंडपात पाहुण्यांना मात्र पोहे-जिलबी. हिनं आणि दोन मैत्रिणींनी पाठीवरचे नंबरचे कागद उलटे केले, स्केचपेननं लिहिलं, 'सफाईत नंबर वन, बाथरूम बंद', आणि पुन्हा पिना लावल्या. खो-खोत मुली एकीआड एक उलट्या तोंडानं बसतात, त्यामुळे दोन्हीकडच्या प्रेक्षकांची वाचनाची सोय झाली. शिवी नाही, घोषणा नाही, मॅच मिनिटभरही थांबली नाही. तरी तिघी बाहेर. मला बोलावणं. "मॅडम, घर में यही सिखाते हो क्या?"

नाही हो सर, घरी नाही, तुमच्याच शाळेत शिकली. नागरिकशास्त्र, संविधानाचं कलम १९, बोलण्याचं स्वातंत्र्य. ते पेपरापुरतं असतं हे सांगायचं राहिलं वाटतं.

१९८५ मध्ये केरळात तीन भावंडं राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहिली, पण धर्मश्रद्धेमुळे गायली नाहीत, म्हणून शाळेनं काढली. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं, आणि म्हटलं की नुसत्या खात्याच्या परिपत्रकानं बोलण्याचा, म्हणजे गप्प राहण्याचाही, हक्क काढून घेता येत नाही. इथे तर परिपत्रकसुद्धा नव्हतं. सरांचा मूड होता.

माफीनाम्यावर मी सही केली. तुम्हीही केली असती. पोरीचं वर्ष त्यांच्या हातात असतं.

पण आता गंमत पुरे. अहो, लघवीला जावं लागू नये म्हणून मुली दुपारपर्यंत पाणी न पिता धावत होत्या! ते दिसलं नाही, पाठीवरचा कागद बरा दिसला? माफीनाम्याशेजारी, त्याच टेबलावर, किल्ल्यांचा जुडगा पडला होता. उचला तो आणि आधी कुलूप काढा!