डेटाचा वापर मोजायचा, पण प्राध्यापकांना गुण द्यायला नव्हे

नमस्कार सर,

विद्यापीठांमधला संशोधन डेटा सहज सापडायला हवा आणि त्याचा वापर मोजला जायला हवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. प्रबंध झाला की त्यामागच्या तक्त्यांना कुणी विचारत नाही, डाउनलोड मोजायला लागलो की त्याचाही एपीआय (प्राध्यापकांच्या बढतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, आणलेली गुणपद्धत) होईल, आणि लोकांनी विश्वासाने सांगितलेली माहिती जगापुढे मांडायचा आपल्याला अधिकार नाही, असं तुमचं म्हणणं. मुंबईत इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाचं हे म्हणणं दोन ओळींत उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून वेगळं उत्तर लिहिते आहे.

मोजणीबद्दलची तुमची भीती मला पूर्ण मान्य आहे. एपीआयचे गुण भरायला पैसे देऊन कुठल्याही मासिकात लेख छापून आणले गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. म्हणून डाउनलोडचा आकडा बढतीच्या फॉर्मवर येता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या बैठकीतून निघालेला ‘डोरा’ जाहीरनामाही हेच सांगतो: मासिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्यावरून) माणसाचं काम जोखू नका, आणि डेटासेट हेही संशोधनाचं फलित माना.

पण आकडा फुगवता येतो म्हणून मोजूच नये, हे मला पटत नाही. संशोधन डेटाचा वापर कसा मोजावा याची ‘काउंटर’ची (ऑनलाइन वापर मोजण्याचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची) संहिता २०१८ पासून आहे. एकाच माणसाने तीस सेकंदांच्या आत तीच फाइल पुन्हा दाबली तर ती एकदाच धरतात. सर्च इंजिनांचे बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळणारे प्रोग्राम, वगळतात. नुसतं पान उघडणं आणि प्रत्यक्ष फाइल उतरवणं यांचे आकडे वेगळे ठेवतात. ग्रंथपालाला या वेगळेपणाचा फार उपयोग होतो. समजा एका डेटासेटचं पान महिनाभर खूप जण उघडतात, पण फाइल जवळजवळ कुणीच घेत नाही. मग बहुधा वर्णन अपुरं आहे, किंवा तक्ता स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अडकला आहे. तो आधी दुरुस्त करायचा. मला मोजणी हवी आहे ती अशा कामासाठी. शिवाय सर्व्हरचा खर्च कशाला, असं वित्त समितीने विचारलं तर दाखवायला काहीतरी हातात असतं.

अर्थात डाउनलोड म्हणजे वापर नव्हे. खरा वापर दिसतो तो दुसऱ्याच्या संशोधनात, आणि तिथेच आपली पंचाईत होते. लोक डेटा वापरतात आणि ऋणनिर्देशात ‘अमुक विभागाचे आभार’ एवढंच लिहितात. यंत्राला ते दिसत नाही. डेटाला स्वतःचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) असेल आणि तो संदर्भसूचीत आला, तरच तो धागा जुळतो. डेटासेटला असे डीओआय देता यावेत म्हणून २००९ साली ‘डेटासाइट’ ही संस्था निघाली.

आता ‘नंतर कोण विचारतो?’ याबद्दल. याचं सगळ्यात ठोस उत्तर आपल्या कुलाब्यात आहे. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला प्रचंड सौरवादळ झालं, तेव्हा कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचं त्यात दिसतं. त्या आकड्यांचा पुढे काय उपयोग होईल, हे नोंद करणाऱ्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी याच नोंदींवरून त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज मांडला. आज उपग्रह आणि वीजजाळ्यांना किती मोठा धोका संभवतो, याचा विचार करताना १८५९ चं हे वादळ हटकून पुढे येतं. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. मोजमापात खोट येऊ नये म्हणून आख्खी चुंबकीय वेधशाळा समुद्रापलीकडे नेणाऱ्या त्या लोकांबद्दल मला अतिशय आदर आहे.)

त्या नोंदी कामी आल्या, कारण त्या कुठे आहेत हे माहीत होतं आणि त्या वाचता येत होत्या. आपल्याकडे नेमकं तेच नसतं. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाऊ लागले, ही मोठी गोष्ट झाली. पण प्रबंधामागचा डेटा बहुतेक वेळा मार्गदर्शकाच्या पेनड्राइव्हवरच राहतो. फाइलचं नाव ‘सर्व्हे फायनल नवीन २’. उघडली तर रकान्यांची नावं क्यू १, क्यू २, क्यू ३. क्यू ७ खाली १, २ आणि ९ असे आकडे. ९ म्हणजे ‘उत्तर दिलं नाही’ की ‘नऊ माणसं’? हे सांगू शकणारी विद्यार्थिनी केव्हाच नोकरीला लागलेली असते. यावरचा उपाय महागडा नाही. कुठे, कधी, किती कुटुंबांत, कुठल्या पद्धतीने माहिती घेतली ते सांगणारं नाव आणि वर्णन, प्रत्येक रकान्याचा अर्थ, वापराचा परवाना आणि डीओआय, एवढं पुरतं. वेबपानावर हीच माहिती सर्च इंजिनांना वाचता येणाऱ्या ‘स्कीमा डॉट ऑर्ग’च्या साच्यात भरली की गूगलच्या डेटासेट सर्चलाही तो डेटा दिसायला लागतो.

विश्वासाचा मुद्दा राहिला. डेटा सापडणं आणि तो सर्वांना खुला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जोडता यावा आणि पुन्हा वापरता यावा म्हणून २०१६ मध्ये मांडलेली फेअर तत्त्वंही सगळं उघडं करा असं म्हणत नाहीत. वर्णन सर्वांना दिसू द्या, आणि मूळ माहिती कुणाला, कुठल्या अटीवर मिळेल ते स्पष्ट लिहा, एवढीच अपेक्षा आहे. देवनारच्या आयआयपीएसने (लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेने) राबवलेलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून किती संशोधकांनी ते वापरलं! पण नोंदणी करून आणि कशासाठी हवं ते लिहून देऊन. चौथ्या फेरीत पाहणी झालेल्या ठिकाणांचे नकाशावरचे बिंदूसुद्धा मुद्दाम सरकवलेले आहेत, शहरात दोन किलोमीटरपर्यंत, म्हणजे घर ओळखता येत नाही.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंत की १९८२ च्या संपानंतर गिरणगावात घेतलेल्या तुमच्या कुटुंब-पाहणीच्या प्रश्नावल्या माळ्यावर पडून आहेत आणि यंदा रद्दीत जाणार आहेत. सर, कृपा करून देऊ नका. लोअर परळच्या पुनर्विकासावर आज काम करणाऱ्या मुलांना संपानंतरच्या घरखर्चाची अशी माहिती दुसरीकडे कुठे मिळणार? आधी एक कोरी प्रश्नावली बाजूला ठेवा आणि सांकेतिक आकड्यांचे अर्थ तुम्हाला आठवतायत तोवर लिहून काढा, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच जमणार नाही. स्कॅन आणि टंकलेखन नंतर करता येईल. नावं, चाळीचं नाव आणि खोली नंबर वेगळ्या यादीत काढायचे, ती यादी तुमच्याकडेच राहील. झेनोडो या संशोधन डेटा साठवण्याच्या संकेतस्थळावर एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा फुकट मिळते, डीओआय मिळतो आणि फाइली मर्यादित प्रवेशात ठेवता येतात. तुम्ही हो म्हणालात तर दिवाळीच्या सुट्टीत मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन तुमच्या घरी येते.