"डॉल्फिन पळून जातात" हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

महायुद्धातले बॉम्ब-सुरुंग अजून समुद्रतळाशी पडून आहेत, ते तिथेच फोडतात, त्याबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "आवाज झाला की डॉल्फिन लांब पळतात, शिवाय बोटीवरून नीट बघूनच स्फोट करतात, आणि फोडण्याशिवाय दुसरा पर्यायच नाही."

पळतात कुठे? अहो, पळायला आधी काही ऐकू तर यायला हवं, आधी हाकलायला काही आवाज केला नसेल तर पहिला आवाज स्फोटाचाच, आणि पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर लांबच्या जिवालाही सेकंदभर वेळ मिळत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीजवळ फेहमार्न बेल्ट या सामुद्रधुनीत नाटोच्या मोहिमेत ४२ जुने ब्रिटिश सुरुंग फोडले, तेही संरक्षित क्षेत्रात. त्यानंतर किनाऱ्यावर मेलेले पॉरपॉइज (डॉल्फिनचे छोटे भाऊबंद) सापडायला लागले, २४ तपासले तर १० जणांमध्ये स्फोटाच्या खुणा मिळाल्या. कानातली इवलीशी हाडं निखळलेली, ज्या चरबीतून त्यांना ऐकू येतं तिच्यात रक्त साकळलेलं. आणि जो जगला पण बहिरा झाला त्याचं काय? पॉरपॉइज खायला मासे शोधतो ते आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर, कान गेला की जेवणच गेलं, तो नंतर कुठेतरी उपाशी मरतो आणि कुठल्याच आकड्यात येत नाही, मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

बघूनच फोडतात म्हणे. मार्च २०११ मध्ये सॅन दिएगोजवळ अमेरिकन नौदलाच्या सरावात ६४० मीटरपर्यंत पहारा होता, टायमर चालू झाल्यावर डॉल्फिनचा कळप आत शिरला, थांबवणं शक्य नव्हतं, किमान तीन मेले. हे तर दिसणारे डॉल्फिन, पॉरपॉइज क्षणभर पाठ वर काढतो, जरा लाटा असल्या की दुर्बिणीतूनही सापडत नाही.

पर्याय आहे. डिफ्लॅग्रेशन म्हणतात त्याला, छोट्या चार्जने (थोड्याशा स्फोटकाने) बॉम्बच्या आतलं स्फोटक पेटवून जाळून टाकायचं, चाचण्यांमध्ये आवाज २० डेसिबलहून जास्त कमी भरला, म्हणजे दाब दहाव्या हिश्श्याच्याही खाली. ब्रिटनमध्ये आता आधी हीच कमी आवाजाची पद्धत वापरा असं सांगतात. दरवेळी जमेलच असं नाही, आणि पाण्यात उतरून हे काम करणाऱ्यांचा जीव धोक्यात घाला असं कुणीच म्हणत नाहीये, फोडावंच लागलं तर फोडा, पण आधी भोवती तळाशी भोकांचा पाइप टाकून त्यातून हवा सोडा, बुडबुड्यांचा पडदा धक्का बराच अडवतो. फेहमार्न बेल्टला तो लावलाच नव्हता.