‘एसीचं नंतर बघू’ हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवून देणाऱ्या प्रत्येकाला मला एकच विचारायचंय. एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर हा इंजिनचा भाग नाही, असं तुम्हाला कोणी शिकवलं? तो ब्लॉकला बोल्टने आवळलेला असतो, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) बेल्टवर फिरतो, इंजिनची ताकद खातो, इंजिनबरोबर हलतो. तरीही कामाच्या यादीत त्याचा नंबर सीट कव्हरच्या आणि दाराच्या रबराच्या मागे! इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, सायलेन्सर झाला, रंग झाला, आणि मग शेवटी कोणीतरी डोकं खाजवत विचारतं, "हा कुठे लावायचा?"

माझी गाडी साठच्या दशकातली, आत एलएस व्ही-८, म्हणजे जनरल मोटर्सचं आठ सिलिंडरचं इंजिन. मी पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत होतो की इंजिन खाली सोडताना कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप सगळं लावून सोडा, पुढचा बेल्ट चढवा, आणि मगच माउंटची, म्हणजे इंजिन चासीला धरणाऱ्या आधारांची, जागा पक्की करा. काय केलं? नुसता ब्लॉक आणि हेड घेऊन इंजिन खाली उतरवलं. ऑइल संप (इंजिनखालची तेलाची टाकी) क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) लागत नाही, बॉनेट बंद होतंय, एवढं पाहिलं आणि माउंट वेल्ड करून मोकळे! मी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "एसीचं नंतर बघू, ब्रॅकेट मिळतात."

हे काही नवीन कोडं नाही. एलएसचा कॉम्प्रेसर कंपनीने उजव्या अंगाला, अगदी खाली दिलाय. ज्या गाड्यांसाठी ते इंजिन बनलं, त्यांच्यात तिथे जागा आहे. जुन्या गाडीत नेमकी तिथेच चासीची रेल येते. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर स्टिअरिंगचा गिअरबॉक्सही तिथेच, आणि वरून हेडर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, उतरतो तोही तिथूनच. जुन्या गाडीत एलएस बसवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण माहीत असते. माहीत असून माप घेतलं जात नाही, याचा संताप येतो.

आणि मग उपाय काय सुचवला जातो? "रेलला थोडी खाच मारू." थोडी खाच! जिथे पुढच्या सस्पेन्शनचा सगळा भार येतो त्या रेलला ग्राइंडर लावायचा, तोही एका कॉम्प्रेसरसाठी, तोही तुम्ही माप घेतलं नाही म्हणून! खाच मारून आतून जाड पत्र्याची पेटी वेल्ड करून रेल पुन्हा मजबूत करता येते, मान्य आहे, आणि ते काम नीट करणारे लोक आहेत. पण ते आधी ठरवून, गाडी जिगवर (चासी सरळ धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर) घेऊन करायचं काम आहे. इंजिन जागेवर असताना, खाली आडवं पडून, जमेल तेवढं कापून नव्हे. दुसरा उपाय, "इंजिन थोडं वर उचलू." उचला, पण मग एअर इनटेक बॉनेटला लागणार, गिअरबॉक्सचा कोन बदलणार, प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे दोन्हीकडचे कोन जुळेनासे होणार आणि गाडी वेगात थरथरणार. तिसरा उपाय कोणीच सुचवत नाही, तो म्हणजे माउंट कापून पुन्हा बनवायचे. कारण त्यात केलेलं काम उलटं करावं लागतं.

बरं, कॉम्प्रेसर वर घेणारं ब्रॅकेट मिळतं, हे खरं आहे. पण ब्रॅकेट विकणारे पाकिटावर काय लिहितात? ‘एलएसला बसते.’ कुठल्या एलएसला? या इंजिनची पुढची पुली ब्लॉकपासून किती पुढे असते, याची तीन वेगवेगळी मापं आहेत, ते इंजिन मुळात कुठल्या गाडीतलं त्यानुसार. कॉर्व्हेटची पुली ब्लॉकला सगळ्यात जवळ, कॅमारोची तिच्यापेक्षा साधारण पाऊण इंच पुढे, ट्रकची साधारण दीड इंच पुढे. ब्रॅकेट एका मापाचं आणि क्रँकची पुली दुसऱ्या मापाची असेल तर कॉम्प्रेसरची पुली बेल्टच्या रेषेत येणं शक्यच नाही. हे एक वाक्य पाकिटावर छापायला काय जातं? आणि वर मेकॅनिकचा सल्ला, "वॉशर टाकून ॲडजस्ट करू." पाऊण इंच वॉशरने? बोल्ट लांब होतो, त्यावर कॉम्प्रेसर लोंबकळतो, कॉम्प्रेसरचा क्लच (पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा-सोडणारा भाग) लागताना दर वेळी झटका बसतो आणि एक दिवस ब्रॅकेटचा कान तुटून बेल्टसकट सगळं रेडिएटरवर येतं.

बेल्टबद्दल तर बोलायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त बेफिकिरी इथे आहे. चपट्या सर्पेंटाइन बेल्टच्या दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं. पुली तेवढी सरकली की बेल्ट एक खाच सोडून चालतो आणि कड कुरतडली जाते. त्याहून कमी सरकली तरी तो किंचाळतो. तिरकेपणा साधारण अर्ध्या अंशाच्या आत असावा लागतो. दोन पुल्यांमध्ये २०० मिलिमीटर अंतर असेल तर अर्धा अंश म्हणजे पावणेदोन मिलिमीटरसुद्धा होत नाही! हे डोळ्याने बघून कळत नाही. सरळ पट्टी किंवा लेझर लावावा लागतो, आणि तो बोल्ट पूर्ण आवळून लावावा लागतो, कारण कमकुवत ब्रॅकेट ताण आला की वाकतं. मला "दिसतंय की सरळ" असं सांगणाऱ्या माणसाच्या हातात पट्टी नव्हती.

सरळ रेषेनंतर येते मिठी. कॉम्प्रेसरच्या पुलीला बेल्टने पुरेसा वेढा घातला नाही तर तो घसरणार, मग बेल्ट कितीही महागाचा आणा. त्यासाठी जवळ आयडलर, म्हणजे बेल्ट वळवणारी नुसती फिरती पुली, लागते. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बेल्टच्या सैल बाजूला हवा, ओढीच्या बाजूला नाही. आणि क्रँकची पुली कॉम्प्रेसरच्या पुलीच्या दीडपट असेल तर इंजिनचे ६००० फेरे म्हणजे कॉम्प्रेसरचे ९०००. एवढ्या वेगासाठी तो बनलेलाच नसतो. हा गुणाकार आहे, शाळेतला. तो कोणी करत नाही.

माझ्याकडे सॅन्डेन कंपनीचा ५०८ जातीचा कॉम्प्रेसर आहे, पाच सिलिंडरचा, १३८ सीसीचा. आटोपशीर आहे, सुटे भाग मिळतात, जुन्या गाडीला शोभतो. त्याचं वजन सात किलोच्या आसपास, म्हणून ब्रॅकेट जाड प्लेटचं आणि त्रिकोणी आधाराचं हवं. तो सरळ किंवा फार तर दोन्ही बाजूंना नव्वद अंशांपर्यंत कलता बसवता येतो. त्याच्या पलीकडे गेलात तर आतलं ऑइल जिथे हवं तिथे राहत नाही. जागा नाही म्हणून पोर्ट (पाइप जोडायची तोंडं) खाली करून उलटा टांगायचा प्रस्ताव माझ्यासमोर ठेवला गेला. मी ठाम नाही म्हटलं तर चेहरे असे केले की जणू मीच अडवणूक करतोय!

वायरिंगवाल्याची तर वेगळीच कहाणी. इंजिनबरोबर आलेल्या हार्नेसमधून (वायरींच्या जुडग्यातून) त्याने ‘नको असलेल्या’ वायरी कापून काढल्या, आणि त्यात एसीच्या वायरी गेल्या. अहो, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, एसी चालू होतोय हे कळायला नको का? ते कळलं तर ईसीयू आधी आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) सावरतो, मग कॉम्प्रेसरचा क्लच लावतो, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की क्लच सोडतो. ते कळलंच नाही तर सिग्नलला उभं असताना एसीचं बटण दाबलं की इंजिन धडधडतं आणि बंद पडतं. मग दोष कोणाला देणार? "जुन्या गाडीत एसी नाहीच चालत." चालतो! तुम्ही त्याच्या नसा कापल्यात. काही नव्या इंजिनांच्या कॉम्प्रेसरला तर क्लचच नसतो. आतला कंट्रोल व्हॉल्व्ह ईसीयू पल्स देऊन चालवतो, आणि तो सिग्नल नसेल तर पुली नुसती फिरत राहते, गारवा शून्य. असं इंजिन विकत घेण्याआधी हे सांगणारा एकही माणूस भेटत नाही.

गॅसचंही तेच. जुन्या गाड्यांची एसी यंत्रणा आर-१२ या वायूसाठी होती. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो वायू टप्प्याटप्प्याने बंद झाला. आता त्याच्या जागी आर-१३४ए हा वायू भरायचा तर जुनं मिनरल ऑइल चालत नाही, ते नव्या वायूत मिसळत नाही आणि कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. पॅग किंवा एस्टर जातीचं कृत्रिम ऑइल लागतं, पाइप धुवावे लागतात, गॅसमधली ओल शोषणारा रिसीव्हर ड्रायर नवा लागतो, आणि कंडेन्सर (पुढची गॅस थंड करणारी जाळी) शक्यतो पॅरलल फ्लो जातीचा, म्हणजे अनेक समांतर नळ्यांचा, लागतो. माझ्या कॉम्प्रेसरची टोपणं काढून तो उघडाच फळीवर ठेवलेला सापडला. पॅग ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, हे एसीचं काम करणाऱ्याला मी शिकवायचं?

आता मी वर्कशॉपला सांगून टाकलंय. इंजिन बाहेर काढा, माउंट कापा, कॉम्प्रेसर, हेडर आणि पूर्ण बेल्ट लावून ते पुन्हा खाली उतरवा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, कॉम्प्रेसरच्या दोन्ही पाइपांना वळायला जागा आहे का ते बघा, आणि मगच वेल्डिंग. चासीला ग्राइंडर लागता कामा नये. या सगळ्याचा खर्च कोणी सोसायचा यावर भांडण सुरू आहे. कामाच्या लेखी यादीत ‘चालू एसी’ असं स्वच्छ लिहिलंय, त्याखाली त्यांची सही आहे, आणि मी एक पाऊलही मागे हटणार नाही.