रिमोट तुमच्या हातात आहे, पण काका…

नमस्कार काका,

माध्यमांच्या मालकीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पैसेवाल्याशिवाय पेपर चालत नाही. मालक कोणी का असेना, बातमी खरी की खोटी एवढंच बघायचं. रिमोट माझ्या हातात आहे. तुझा राग उद्योगपतींवर आहे."

पैशाचं म्हणणं मान्य. वाचक देतो त्या चार-पाच रुपयांत पेपर निघत नाही, जाहिरात लागतेच. पण खरं-खोटं ताडायला बातमी आधी छापून तर आली पाहिजे ना?

मी सोलापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. पूर्व भागातली एक कामगार बाई पगाराच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून घेऊन आली. टॉवेलच्या कारखान्यात पीएफ दरमहा कापला जात होता, खात्यावर भरला जात नव्हता. बातमी झाली, पान लागलं. रात्री अकराला जाहिरात विभागातले गृहस्थ वर आले. दिवाळी पुरवणीचं मागचं पान त्याच कारखान्याचं होतं. छापू नका असं कोणी म्हणालं नाही. "उद्या बघू" एवढंच. तीन कॉलमची जागा रिकामी झाली, तिथे एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाची प्रेसनोट बसली. त्या अंकात एक ओळही खोटी नव्हती, काका.

बाई दोनदा विचारायला आली. दोन्ही वेळा मी "उद्या" म्हणालो. ते शब्द मला अजून टोचतात. आठवड्याभराने बातमी आली ती दुसऱ्या पेपरात, कारण त्याचा मालक वेगळा होता. दोन्ही पेपर एकाच घरचे असते तर?

आता मोठ्या पडद्याकडे बघा. २०१४ मध्ये अनेक वृत्तवाहिन्या चालवणारं नेटवर्क१८ रिलायन्सकडे गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानी समूहाच्या ताब्यात आलं. बंदरं, विमानतळ, वीज, धारावीचा पुनर्विकास आणि वृत्तवाहिनी, सगळं एका छताखाली. तिथे खोटं दाखवतात असा माझा आरोप नाही. पण धारावीतल्या एखाद्या बाईची पिशवी तिथल्या टेबलावर आली, तर रात्री अकराला काय होईल, हे मला माझ्या त्या रात्रीवरून कळतं. रिमोटवर बटणं पुष्कळ असतात. बटणांमागची घरं किती, ते मोजा.

दूरसंचार आणि प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ट्राय या सरकारी नियामक संस्थेने ऑगस्ट २०१४ मध्येच माध्यम-मालकीवर मर्यादा घालण्याच्या शिफारशी केल्या होत्या. तसा कायदा आजतागायत झालेला नाही.

उद्योगपतींवर माझा राग नाही. या शहराचं पोट कारखान्यांवर चाललंय. माझी मागणी साधी आहे. मालकाच्या धंद्याची बातमी असेल तेव्हा खाली पट्टीवर स्पष्ट लिहा, की हा धंदा आमच्या मालकाचा आहे. आणि एका घराकडे किती पेपर, किती वाहिन्या असाव्यात, याला कायद्याने हद्द घाला. यातलं काय तुम्हाला पटत नाही ते जरूर लिहा. मी वाट बघतो.