‘सुटलेल्या कैद्याला पन्नास हजार’: आत्या, हा मेसेज पुढे पाठवू नकोस

शनिवारी रात्री पावणेदहाला आत्याचा मेसेज आला. तसे तिचे रोजच येतात. सकाळी दत्तगुरू, दुपारी गुडघ्यांसाठी मेथीदाणे. हा मात्र ‘पुणेकरांनो सावध’ असा मथळा असलेला, लाल टिंबांनी मढवलेला. खाली तिने स्वतः टाईप केलेलं: ‘तुझ्या त्या माणसाला काढून टाक. नसती ब्याद.’

तो माणूस म्हणजे माझ्या प्रेसमधला बाइंडर. शिक्षा पूर्ण भोगून येरवड्यातून बाहेर आलेला. तिथल्या कारागृह मुद्रणालयात बांधणी शिकला. कामाला आला तेव्हा मी काही विचारायच्या आत त्यानेच सगळं सांगितलं, कलमासकट. मी त्याला निर्दोष म्हणत नाही, तोही म्हणत नाही.

मेसेजचा सारांश असा: सरकार सुटणाऱ्या प्रत्येक कैद्याला पन्नास हजार रोख देतंय, चोरांचा जामीन आपल्या करातून भरतंय, सरकारी नोकरीत त्यांना राखीव जागा आहेत, ‘सरकारी आकड्यानुसार’ ७५ टक्के कैदी पुन्हा गुन्हा करतात, आणि अशा माणसाला खोली भाड्याने दिली तर घरमालकावरही गुन्हा दाखल होतो, म्हणून प्रत्येक सोसायटीने ठराव करावा.

आधी पन्नास हजार. आकडा खरा आहे, बाकी सगळं उलटं. १ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची योजना सुरू झाली. पैसे देते महाराष्ट्र राज्य सहकारी बँक, सरकारची तिजोरी नाही. आणि देते ते कर्ज, सात टक्के व्याजाने, पन्नास हजारांपर्यंत, तेही आत शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला. फेड होते त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. म्हणजे घरी मुलीची फी भरायची असेल तर बाप आत सतरंज्या विणून ती फेडतो. याला ‘सुटल्यावर रोख बक्षीस’ म्हणणाऱ्याने निदान बँकेचं पासबुक तरी कधी पाहिलं असेल का, अशी शंका येते.

जामिनाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी आत अडकलेल्या कच्च्या (खटला चालू असलेल्या) कैद्यासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड भरता न आल्याने अडकलेल्या पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत २०२३ च्या मूळ नियमांत ठरली होती. हा पैसा करातलाच. पण तो कैद्याच्या हातात पडत नाही. जिल्ह्याची समिती प्रकरण तपासते आणि रक्कम थेट न्यायालयात जमा होते. दहशतवाद, अमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लॉन्ड्रिंग हे गुन्हे मुळात यातून वगळलेत. शिवाय निधी वापरला जावा म्हणून केंद्रालाच राज्यांना पत्रं पाठवावी लागली. लुटालूट चालली असती तर ही वेळ आली नसती.

आता ते ७५ टक्के. हा आकडा कुठून उचलला असेल याचा मला अंदाज आहे. एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा, २०२२ चा तुरुंगांवरचा अहवाल उघडा. देशातल्या तुरुंगांत त्या वर्षअखेर ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, न्यायाधीन. कच्चे कैदी. ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही. कुणीतरी हे ७५ घेतलं, ‘कैदी’ शब्द ठेवला आणि मधलं ‘ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही’ हे काढून त्या जागी ‘पुन्हा गुन्हा करतात’ असं भरलं. ही चूक नाही, ही हातचलाखी आहे. त्याच अहवालात शिक्षा झालेल्यांपैकी सराईत म्हणून नोंद असलेले किती? जेमतेम दोनेक टक्के. आता या नोंदीतून निसटलेले असतीलच, पकडले न गेलेलेही असतील. मी काही भोळा नाही. पण दोनाचे चार करा, आठ करा, पंचाहत्तर होत नाहीत.

याचा दुसरा अर्थ आत्याने लक्षात घ्यावा. तुरुंगाच्या दारातून बाहेर येणाऱ्यांत बहुसंख्य असे असतात, ज्यांना गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार अजून कोर्टालाही मिळालेला नसतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४७९ नुसार आधी कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर कोर्टाने त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात नाहीत, एकाहून जास्त खटले असतील तरी नाही.

मला सगळ्यात चीड आली ती भाड्याच्या मुद्द्याची, कारण तो नुसता खोटा नाही, लगेच लागू पडतो. सोमवारी माझा बाइंडर कामावर आला तो गप्प. जेवणाच्या सुट्टीत डबाही उघडला नाही. हाडाची पट्टी हातात, समोर फर्म्यांचा (छापून आलेल्या मोठ्या कागदांचा) गठ्ठा, घड्या एकसारख्या पडत होत्या, पण तोंडातून शब्द नाही. चहाच्या वेळी म्हणाला, “मालक, खोलीवाले म्हणतात, पोलिसांकडून लिहून आण की याला ठेवला तर चालतो.” कॉट बेसिसवर चौघांत राहतो तो. खोलीवाल्याने मोबाईल दाखवला, त्यात हाच मेसेज. लाल टिंबांसकट.

तर नीट ऐका. शिक्षा भोगून सुटलेल्या किंवा जामिनावर असलेल्या माणसाला घर भाड्याने देणं हा गुन्हा नाही. असा कुठलाही कायदा नाही. जे आहे ते एवढंच: भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची. ती न कळवल्याबद्दल घरमालकांवर गुन्हे दाखल होतात, हे खरं. पण हा नियम हिंजवडीच्या इंजिनिअरलाही लागू, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलालाही लागू. गुन्हा माणूस ठेवल्याचा नसतो, कळवलं नाही याचा असतो. फॉर्म ऑनलाइन भरता येतो. त्या दिवशी प्रेसच्या कॉम्प्युटरवर आम्हीच तो भरला. अडलं कुठे? ओटीपीवर. आधारला जोडलेला नंबर तो आत असताना बंद पडला, आता दुसऱ्याच कुणाकडे आहे. नवा नंबर जोडायला आधार केंद्रात रांग, म्हणजे त्या दिवसाचा पगार जायचा (मी कापला नाही, पण दुसरा कुणी कापलाच असता). रेशनकार्डावरून नाव भावाने काढलेलं.

सरकारचं नियोजन म्हणतात ते इथे हवं. तुरुंग सुधारणांसाठी नेमलेल्या मुल्ला समितीने १९८० ते १९८३ मध्ये हेच सांगितलं होतं, २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सुटकेनंतरच्या देखभालीवर स्वतंत्र प्रकरण आहे, २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यातही ते आलंय. कारागृह हा राज्याचा विषय, त्यामुळे केंद्राचं हे सगळं नमुन्यादाखल. आपल्याकडे हे काम महिला व बालविकास विभागाच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे (प्रोबेशन ऑफिसर) येतं. हे खातं तिथे कसं, असं मलाही वाटलं होतं, पण आहे. माझ्या माणसाला सुटताना या अधिकाऱ्यांचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. आणि हे काही आजचं परदेशी खूळ नव्हे. साताऱ्याकडच्या औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत (खुलं कारागृह) वसवली, तिथे कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. संस्थान गेलं, वसाहत अजून आहे.

सोसायटीच्या ठरावाबद्दल एवढंच विचारतो: त्याला खोली नाही, काम नाही, तर तो राहणार कुठे? ठराव करणाऱ्यांच्या पार्किंगमध्ये?

सरकारी नोकरीतल्या राखीव जागा. नाहीत. उलट चारित्र्य पडताळणीत नाव अडकतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलंय की उमेदवाराने गुन्ह्याची माहिती प्रामाणिकपणे दिली तरी त्याला नेमलंच पाहिजे असं बंधन नाही. राखीव जागा असती तर हा माणूस माझ्याकडे खळीत हात बुडवून कशाला बसला असता?

आणि आत्या, त्याला मी काढणार नाही. शाळांच्या डायऱ्या जूनच्या आत द्यायच्यात, आणि हाताने जुजबंदी (दोऱ्याने शिवून बांधणी) करणारा दुसरा माणूस मला चार महिने शोधून मिळाला नव्हता.