चाकावरचं ब्रुगे

लोक बेल्जियममधल्या ब्रुगेला जातात आणि मान वर करून बघतात. मी खाली मान घालून बघितलं. या शहराच्या फरसबंदीतल्या दगडन् दगडाशी माझी वैयक्तिक ओळख आहे.

चूक माझीच. गेंटला शिकणारी लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, स्टेशनवरून बस घ्या." मी म्हटलं, दीड किलोमीटर तर आहे, बॅगेला चाकं कशाला दिलीत? हिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड मिटलं. तीस वर्षांच्या संसारात मला या गप्पपणाचीच भीती वाटत आलीय.

इथले रस्ते गोलसर दगडांचे. त्यांना फ्लेमिशमध्ये म्हणतात 'किंडरकॉप्येस', म्हणजे लेकरांची डोकी. एवढ्या लेकरांच्या डोक्यावरून बॅग नेली की आवाज व्हायचाच. खडखड, खडखड, मध्येच एक ठ्ठक! गल्लीतल्या खिडक्यांचे पडदे हलले. पुढून येणारी घोडागाडीसुद्धा माझ्यापेक्षा सभ्य वाजत होती.

मार्क्टच्या चौकात पोचलो आणि डावं चाक दोन दगडांमध्ये रुतलं. मी हिसका दिला. बॅग आली, पण चाकावरचं रबर तिथेच राहिलं.

चौकाच्या मधोमध दोन वीरांचा पुतळा आहे, 1887 सालचा. यान ब्रेडेल आणि पीटर डे कोनिंक. 1302 मध्ये फ्रेंचांविरुद्ध उठलेले. एक खाटीक, दुसरा विणकर. थोर माणसं, पण त्या घटकेला मला तुळशीबागेजवळचा बॅगा दुरुस्त करणारा हवा होता.

तेवढ्यात बेलफोर्टच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजल्या. एकूण 47 आहेत, दर पाव तासाला सुरात वाजतात. अख्खा चौक वर बघू लागला. मी चौकात ओणवा.

"अहो, वर जायचं का? 366 पायऱ्या आहेत," ही म्हणाली.

बॅगेमुळे माणसाची अब्रू वाचते ती अशी. "तू जा, मी सामान सांभाळतो." मी इतक्या त्यागाने म्हणालो की तिला संशयच आला. तरी गेली.

कोपऱ्यात क्रानेनबुर्ख नावाचा कॅफे आहे. 1488 मध्ये ब्रुगेकरांनी मॅक्सिमिलियनला, पुढच्या सम्राटाला, त्याच जागच्या घरात कोंडून ठेवलं होतं. कराच्या भांडणातून. त्याला निदान खिडकी होती. मी मनोऱ्याच्या पायथ्याच्या टपरीवरचे बटाट्याचे फ्राइज घेतले, भरपूर मेयोनीज घालून, आणि बॅगेवर बसून खाल्ले. एकीकडे चौक, एकीकडे तिरकी झालेली बॅग. आत लेकीसाठी आणलेल्या चकल्या. चकल्यांचं काय झालं असेल हा विचार मी टाळला. (रात्री उघडलं तेव्हा भाजणी परत मिळाली होती.)

तासाभराने ही खाली आली. चेहरा लाल, पण खूश. 83 मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून काढलेले फोटो दाखवू लागली: लाल कौलं, कालवे, आणि खाली काडेपेटीएवढा चौक.

"आणि हा बघा कोण," तिने फोटो बोटांनी मोठा केला.

लाल बॅगेशेजारी एक माणूस दगडांवर गुडघे टेकून बसला होता. दोन तरुणी त्याच्याकडे आदराने बघत होत्या. प्रार्थना करतोय असंच त्यांना वाटलं असणार.

रबर सापडलं होतं मला. फक्त दगडातून निघत नव्हतं.