घरीच असता ना? नाही, कामावर असते!

"वहिनी, घरीच आहात ना? दोनच मिनिटं!"

हे वाक्य यापुढे माझ्या दारात कोणी उच्चारलं तर मी ओरडणार आहे. खरंच ओरडणार आहे. आज शेवटचं सहन केलं. 22 बाय 30 इंचांचा फुल शीट, 100 टक्के कॉटनचा कागद, आठ दिवस डोक्यात घोळवलेलं चित्र आणि अख्खी सकाळ, सगळं त्या दोन मिनिटांत गेलं.

काय झालं ते नीट सांगते. "एक चित्रच बिघडलं ना, दुसरं काढ" म्हणणाऱ्यांना कळायला हवं म्हणून.

वाईजवळच्या मेणवलीचा नदीघाट जलरंगात करत होते. वाईला दोन दिवस राहून, पहाटे घाटावर बसून स्केचेस केली होती, छोटे कलर स्टडी केले होते. पावसाळ्यानंतरची भरलेली कृष्णा, पाण्यात हलणाऱ्या पायऱ्या, पलीकडची झाडी धुक्यात अर्धी विरघळलेली. हे मोठ्या कागदावर करायचं तर आकाश, झाडी आणि पाणी एकाच ओल्यात, म्हणजे कागद सुकायच्या आत यावं लागतं. तुकड्या-तुकड्यानं केलं की धुकं मरतं. साडेसातला कागद भिजवून बोर्डावर बसवला. पंखा बंद केला, कारण या ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत पंख्याखाली वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरलेला थर, बघता बघता सुकतो. घामानं निथळत होते, पण ते चालतं. निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना कालवून राखाडी करून ठेवला होता. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतात आणि त्या दाणेदारपणातूनच धुकं दिसायला लागतं.

पहिला वॉश मारला. कागद आरशासारखा चकाकायला लागला. आता थांबायचं असतं. लगेच झाडी टाकली तर रंग वाहून जातो, काही उरत नाही. चकाकी उतरून कागद नुसता ओलसर, मंद दिसायला लागला की घट्ट रंगाचा ब्रश टेकवायचा. मग कडा मऊ पसरते आणि जिथे थांबायला हवी तिथेच थांबते. ही वेळ तीन-चार मिनिटांची असते. ती हुकली की मागाहून लावलेलं पाणी अर्धवट सुकलेल्या रंगाला ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, दातेरी कडेचा डाग उमटतो.

मी ब्रश उचलला आणि बेल वाजली.

उघडणार नव्हते. पण लागोपाठ तीनदा वाजली, आणि शेजारी वयस्कर आजी एकट्या असतात. म्हटलं, त्यांना काही झालं असेल. धावत गेले. दारात वरच्या मजल्यावरचे काका. त्यांचं पार्सल येणार होतं, ते घेऊन ठेवायचं होतं, पैसे देऊन ठेवायचे होते, वर सोसायटीच्या मीटिंगचं काय झालं तेही सांगायचं होतं. माझ्या अंगात एप्रन, हातात रंगानं भरलेला ब्रश. तो बघून म्हणाले, "चित्रं चाललीत का? छान छान. वेळ बरा जातो."

वेळ जातो! तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं मी हे काम करतेय. यावर घराचा हप्ता भरलाय, पोरीची फी भरलीय. आणि माझा वेळ "बरा जातो"?

परत आले तोवर डाव्या बाजूची कड सुकून पक्की रेघ झाली होती. उजवीकडे कागद अजून ओला. वाचवायचा प्रयत्न केला, ओलसर ब्रशनं कड सोडवायला गेले आणि बरोब्बर नदीच्या वर, धुक्याच्या मधोमध तो डाग फुलला. "वरून परत रंग मारा ना," असं संध्याकाळी दोघांनी सुचवलं. अहो, जलरंगात पांढरा म्हणजे कागद. उजेड कागदातून येतो. एकदा तो झाकला की वरून मारून परत आणता येत नाही. घासून काढायला गेलं तर कागदाचा पृष्ठभाग फाटून लव निघते आणि पुढचा रंग शाईच्या टिपकागदावर पडावा तसा शोषला जातो.

आणि "पाण्याचे रंग म्हणजे शाळेतले रंग" म्हणणाऱ्यांनी एकदा मैसूरला जाऊन जगनमोहन पॅलेसमध्ये चित्रकार सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र बघून यावं. हाताआड धरलेला दिवा, बोटांमधून आरपार झिरपणारा उजेड. ते जलरंगातलं आहे. समोर उभं राहून सांगा मला, की ते मधूनमधून दार उघडायला उठून होणारं काम आहे.

काका एकटेच असते तर इतकं लिहिलं नसतं. रोजचं आहे हे. सिलिंडरवाला येणार आहे, तू आहेसच. इस्त्रीवाल्याचे कपडे घेऊन ठेव, तू आहेसच. नणंदेला दवाखान्यात न्यायचंय, हिला कुठे ऑफिस आहे? कोणाच्या मुलाची इंटरमिजिएटची परीक्षा आली की "जरा स्थिरचित्र दाखव ना त्याला, तुझ्यासाठी काय अवघड आहे," आणि पोरगं सकाळी नऊला दारात हजर. नऊला! माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. तो उजेड स्थिर असतो, सावल्या पळत नाहीत, रंग खरे दिसतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात सूर्य दुपारीसुद्धा थोडा उत्तरेकडूनच जातो, तेव्हा तोही भरवसा नसतो. जून-जुलैत हवा इतकी दमट असते की वॉश अर्धा-अर्धा तास सुकत नाही. म्हणजे माझा हंगाम आत्ता आहे, आणि त्यातही आठ ते बारा. डिसेंबरात बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन आहे. 22 चित्रं लागतात, 13 झालीत. शेतकऱ्याला पेरणीच्या दिवशी कोणी "दोन मिनिटं ये" म्हणतं का?

सगळ्यात जास्त काय लागतं ते सांगू? 2020 मध्ये लॉकडाऊनला नवऱ्याचं ऑफिस घरी आलं. पहिल्याच दिवशी बेडरूमचं दार बंद झालं आणि घराला नियम कळला. मिक्सर लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, सासूबाई पाय न वाजवता चालायच्या. "श्श, मीटिंग चालू आहे." बेल वाजली तर त्या स्वतः उठायच्या, गुडघे दुखत असताना. कोणी त्याला घरी असतोस म्हणून डाळ-तांदूळ निवडायला बसवलं नाही. मला वाईट त्याचं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की म्हणजे यांना जमतं! बंद दाराचा मान ठेवायला या घराला दहा मिनिटं लागली. माझ्या दारासाठी सव्वीस वर्षं पुरली नाहीत. माझं दार लोटलं की सगळ्यांना ते उघडंच दिसतं. नवरा भला माणूस आहे, माझ्या प्रत्येक प्रदर्शनाला फ्रेम्स खांद्यावरून वाहतो. पण चार्जर कुठे आहे हे विचारायला तोच सकाळी सव्वानऊला आत डोकावतो.

आणि मी बसलेली दिसले की संपलंच. ब्रश हातात असेल तर निदान "काहीतरी करतेय" एवढं तरी मानतात. पण चित्र भिंतीला टेकवून मी समोर स्टुलावर नुसती बसले असेन तर माझ्यासमोर मेथीची जुडी येते. "बसलीच आहेस तर निवड." मी बसलेली नसते हो! मी बघत असते. परवा अख्खी सकाळ मी एवढंच ठरवत होते की घाटाशी बांधलेली नाव ठेवायची की काढायची. चित्र आरशात उलटं बघितलं, उलटं टांगून बघितलं, ती नाव अंगठ्यानं झाकून बघितलं. बारा वाजता ठरलं, नाव नको. नाव असली की डोळा तिथेच अडकतो, धुक्यापर्यंत पोचतच नाही. त्या दिवशी कागदावर एक रेघही पडली नाही आणि तो माझा या महिन्यातला सगळ्यात कष्टाचा दिवस होता. संध्याकाळी विचारलं, "आज काय काढलंस?" काय सांगू? एक नाव काढून टाकली.

चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करायचे. उरलेला वेळ काय ते रिकामे होते? त्यांचं एक चित्र 2015 मध्ये मुंबईतल्या लिलावात 29 कोटींवर गेलं, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो आकडा सगळ्यांनी फॉरवर्ड केला होता. मराठी माणूस, गिरगावात वाढलेला, केवढा अभिमान! त्यांनी समोर बसून बघण्यात घालवलेले महिने मात्र कोणाला फॉरवर्ड करावेसे वाटले नाहीत. तेच बघणं मी घरात करते तेव्हा मी रिकामटेकडी असते.

मग हेच लोक प्रदर्शनात येऊन विचारतात, "किती वेळ लागला याला?" तीन तास म्हटलं तर किंमत ऐकून भुवया वर जातात. मेणवलीचे दोन दिवस, बघण्यात गेलेले आठ दिवस, आधी फुकट गेलेले चार कागद, हे कोणी धरायचं? आजचा कागद कोणी धरायचा? त्याची किंमत काकांच्या पार्सलवर लावू का?

काकांचं पार्सल दुपारी तीनला आलं. मी घेतलं, पैसे दिले, कारण शब्द दिला होता. संध्याकाळी ते न्यायला आले तेव्हा खराब झालेला कागद त्यांना दाखवला. डाग कुठे पडला, का पडला, सगळं सांगितलं. ते बघत राहिले, मग म्हणाले, "पण हेही छानच दिसतंय की." मला रडू आलं. त्यांच्यासमोरच आलं.

उद्या साडेसातला पुन्हा कागद भिजवणार आहे. घरात सगळ्यांना सांगितलंय, सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलंय. आठ ते बारा मी कामावर आहे. शेजारच्या आजींना माझा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिलाय, त्यांनी कधीही फोन करावा, मी ओला कागद टाकून येईन. बाकी कोणासाठी नाही. बेल तीनदा वाजो की तेरा वेळा, दार उघडणार नाही.